जाळं कापणाऱ्याच्या बाजूने

कोकणातल्या कासवांविषयी जे काही लिहिलं-बोललं जातं, त्यात बहुतेक वेळा वाळू असते. रात्री किनाऱ्यावर चढलेली मादी, मागच्या वल्ह्यांनी खणलेला खड्डा, अंडी, कुंपण घातलेलं संवर्धन केंद्र आणि मग एखाद्या सकाळी टोपली उचलली की समुद्राकडे सुटणारी पिल्लं. मीही या कामात आले ती वाळूवरूनच. पण नंतरची माझी बहुतेक वर्षं बंदरावर गेली. बर्फाच्या गाड्या, लिलावाचा गलका, डिझेलचा वास आणि जाळी सांधत बसलेली माणसं यांच्यात. मला सांगायचं आहे ते तिथलं.

वाळूवरच्या कामाचं मोल मी कमी लेखत नाही. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने मंडणगड तालुक्यातल्या वेळासला काम सुरू केलं, तेव्हा कासवाची अंडी काढून खाणं किंवा विकणं यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. ज्या माणसाला मादीचा माग ओळखता येत होता, घरटं नेमकं कुठे असणार हे ज्याचे पाय सांगत होते, त्याच्याकडेच घरटं राखण्याचं काम आलं. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, घराघरांत पाहुणे उतरू लागले आणि गावाला कासवांमुळे चार पैसे मिळू लागले. पुढे वनविभाग आणि कांदळवन कक्ष या कामात उतरले, किनाऱ्याकिनाऱ्यावर कासवमित्र नेमले गेले. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत नोव्हेंबर ते एप्रिल ही माणसं पहाटे किनारा चालतात. हे सगळं मी जवळून पाहिलं आहे आणि त्याचा मला अभिमान आहे.

पण इथे येणाऱ्या ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी एका हंगामात एखादी रात्र, फार तर दोन-तीन रात्री वाळूवर येते आणि तेही तासाभरासाठी. बाकी तिचं सगळं आयुष्य पाण्यात जातं. नर तर पिल्लू असताना एकदा लाटेत शिरला की सहसा किनाऱ्याला पुन्हा लागतच नाही. कासव मोठं होऊन अंडी घालण्याजोगं व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात. हजार पिल्लांतलं एखादंच तिथवर पोचतं असं मानतात. म्हणजे जाळ्यात सापडलेली पूर्ण वाढलेली मादी ही शेकडो पिल्लं गमावून निसर्गाने वाचवलेली एक असते. ती गेली तर तिच्या जागी दुसरी यायला पुन्हा तेवढीच वर्षं आणि तेवढीच पिल्लं लागणार.

हा माझ्या मनाचा हिशेब नाही. १९८७ साली डेबोरा क्राउझ, लॅरी क्राउडर आणि हाल कॅसवेल या तीन अमेरिकन संशोधकांनी लॉगरहेड कासवांवर एक गणित मांडलं. कासवाच्या आयुष्याचे टप्पे पाडून त्यांनी पाहिलं की कोणत्या टप्प्यातले मृत्यू कमी केले तर संख्या सावरते. उत्तर असं आलं की घरट्यातलं एकही अंडं वाया जाऊ दिलं नाही तरी घसरण थांबत नाही; थांबते ती समुद्रात वाढणारी मोठी कासवं वाचली तर. मेक्सिकोच्या आखातातल्या केम्प्स रिडले कासवांची गोष्ट याच दिशेने जाते. १९४७ साली रांचो नुएवोच्या किनाऱ्यावर एका दिवसात सुमारे चाळीस हजार माद्या आल्याचा अंदाज एका चित्रफितीवरून बांधला गेला. मेक्सिकोने १९६६ पासून तिथली घरटी राखायला सुरुवात केली, पहारे बसवले. तरीही १९८५ साली मोजली गेलेली घरटी होती जेमतेम सातशे. पुढे कोळंबीच्या ट्रॉलरांवर निर्बंध आले, जाळ्यांत कासव सुटायची वाट ठेवणं सक्तीचं झालं, आणि २००९ पर्यंत ती संख्या वीस हजारांच्या आसपास चढली. त्यानंतर ती पुन्हा अडखळली, हेही सांगायला हवं. पण किनाऱ्यावरच्या पहाऱ्याला समुद्रातल्या उपायाची जोड मिळाली तेव्हाच आकडा हलला, हे उघड आहे.

हे वाचल्यावर मी बंदराकडे वळले. माझं काम सांगायला सोपं होतं. मच्छीमारांच्या जाळ्यात कोणते संरक्षित प्राणी सापडतात याची माहिती गोळा करायची आणि ते जिवंत सोडले जातील यासाठी जे काही करता येईल ते करायचं. कासवाच्या सगळ्या सागरी जाती १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या लेखी त्यांना वाघाइतकंच संरक्षण आहे. व्हेल शार्क २००१ साली त्या यादीत आला. सुरुवातीच्या बैठकांत मी हे सगळं सांगायची. लोक ऐकून घ्यायचे. एकदा बोट चालवणाऱ्या एका वयस्क तांडेलाने बैठक संपल्यावर थांबून मला विचारलं, "ताई, कासव कायद्याचं आहे, मान्य. जाळं माझं आहे. मग कापू कोणाचं?"

त्या प्रश्नातच पुढच्या सगळ्या कामाची दिशा होती.

गिलनेटमध्ये कासव सापडतं तेव्हा काय होतं ते आधी सांगते. पाण्यात भिंतीसारखं उभं राहणारं हे नायलॉनचं जाळं दिसत नाही, म्हणून तर त्यात मासा अडकतो. कासव त्यात वल्हं घालतं, ओढतं, गिरकी घेतं आणि प्रत्येक गिरकीबरोबर दोरा मानेला नाही तर खांद्याला आणखी घट्ट बसतो. बोटीवर जाळं ओढताना हे तीस-चाळीस किलोचं धूड वर येतं. ते सोडवायचं तर गाठी उलगडत बसायला वेळ नसतो. मागे आणखी जाळं पाण्यात असतं, त्यातला मासा खराब होत असतो. जाळं कापणं हाच मार्ग. आणि ते हात-दोन हात कापून भागत नाही, वाव-दोन वाव जातं. व्हेल शार्क असेल तर गोष्टच वेगळी. तो जाळं स्वतःभोवती गुंडाळून घेतो आणि सगळं जाळंच हातचं जातं.

हे जाळं कुणाचं असतं? बऱ्याचदा व्यापाऱ्याकडून उचल घेऊन विकत घेतलेलं. फेरीचं डिझेल, बर्फ, शिधा आधी वजा होतो, मग मालकाचा वाटा, मग तांडेलाचा आणि खलाशांचा. जाळ्याचं भोक त्या वाटणीत सगळ्यांच्या पानातलं कमी करतं. सांधायला माणूस बसवावा लागतो आणि तेवढे दिवस ते जाळं किनाऱ्यावर पडून राहतं. तरीही असंख्य माणसं जाळं कापत होती, कुणी न सांगता, पिढ्यान् पिढ्या. कोकणातल्या देवळात शिरताना पायाशी दगडी कासव असतं. कूर्मावतार इथल्या माणसाला कुणी शिकवावा लागत नाही. जाळ्यातून सोडण्याआधी कासवाला हात जोडणारे तांडेल मी पाहिले आहेत. पण ज्याच्या डोक्यावर उचल आहे, ज्याची ती हंगामातली पहिलीच बरी फेरी आहे, त्याच्याकडून दर वेळी फक्त श्रद्धेच्या बळावर एवढं मागणं मला न्यायाचं वाटत नव्हतं. शिवाय बंदरावर एक भीती होती. संरक्षित प्राणी जाळ्यात आला असं तोंडातून काढलं तर गुन्हा आपल्यावरच येईल, म्हणून कुणी काही बोलत नसे. त्यामुळे समुद्रात नेमकं काय घडतं आहे याची नोंदही कुणाकडे नव्हती.

डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या कांदळवन कक्षाने आणि मत्स्यव्यवसाय विभागाने मिळून एक योजना आणली. जाळ्यात सापडलेला संरक्षित सागरी प्राणी मच्छीमाराने जाळं कापून सोडला, त्याचा फोटो किंवा चित्रफीत दिली, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी जास्तीत जास्त २५ हजार रुपये भरपाई. गुजरातेत व्हेल शार्कसाठी असाच मार्ग आधी चोखाळला गेला होता. तिथे एके काळी याच माशाची शिकार व्हायची. माइक पांडे यांच्या माहितीपटाने ती जगासमोर आणली, २००१ साली कायद्याचं संरक्षण आलं, २००२ साली आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचं नियंत्रण आलं. कथाकार मोरारीबापूंनी त्या माशाला माहेरी आलेल्या लेकीची उपमा दिली आणि गावोगाव ती पटली. पण उपमेच्या जोडीला जाळ्याची भरपाईही होती, हे सांगायचं पुष्कळदा राहून जातं. मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

आमच्याकडे योजना कागदावर आली आणि मग तिचे बारीकसारीक प्रश्न सुरू झाले. फोटो कसा काढायचा? प्राणी जाळ्यात असताना एक, जाळं कापताना एक, पाण्यात सोडताना एक. रात्रीच्या अंधारात, हलत्या बोटीवर, ओल्या हातांनी. खलाशांनी मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवायला सुरुवात केली. रत्नागिरीच्या बोटींवर नेपाळमधून आलेले खलाशी पुष्कळ. त्यांच्यासाठी शब्दांऐवजी चित्रांचा तक्ता केला आणि तो केबिनच्या दाराला आतून चिकटवला. अर्जासोबत बोटीच्या नोंदणीची प्रत, बँकेच्या पासबुकाची प्रत, जाळ्याचा तपशील. हे कागद तांडेलाकडे कधीच नसायचे. ते घरी, बायकोच्या किंवा आईच्या ट्रंकेत. मग मी घरी जाऊ लागले आणि तिथे मला कळलं की कर्ज किती, व्याज किती, मागच्या वर्षी जाळ्याला किती घातले, हे सगळं तोंडपाठ असणारी माणसं घरातल्या बायका आहेत. त्यांच्यातल्या काही जणी पुढे शेजारच्या घरांचेही अर्ज भरून देऊ लागल्या. माशाची पाटी विकून आल्यावर, हात धुऊन, ओटीवर बसून.

पहिल्या काही जणांच्या खात्यात पैसे जमा झाले त्या आठवड्यात बंदराचा सूरच बदलला. याचं कारण रक्कम मोठी होती असं नव्हे. जाळ्यात कासव आल्याचं सांगितलं आणि पोलीस आले नाहीत, उलट सरकारने नुकसान मानलं, ही गोष्ट लोकांना नवीन होती. त्यानंतर फोटो यायला लागले. रोज, वेळी-अवेळी. बहुतेक ऑलिव्ह रिडले. त्याखालोखाल हिरवी कासवं, जी आमच्या किनाऱ्यावर अंडी घालायला सहसा येत नाहीत पण चरायला इथल्या पाण्यात असतात. कधी चोचदार तोंडाचं हॉक्सबिल, क्वचित लेदरबॅकही. व्हेल शार्क आणि मोठे गिटारफिशही. कुठल्या महिन्यात, किती वाव पाण्यात, कोणत्या जाळ्यात काय सापडतं याचं चित्र या फोटोंतून उभं राहिलं. समुद्रावर नजर ठेवायला महागडी जहाजं लागतात असं आम्ही धरून चाललो होतो. इथे शेकडो बोटी रोज जात होत्याच, फक्त त्यांना बोलायला निर्भय जागा हवी होती.

एका गोष्टीवर मला जरा थांबायचं आहे, कारण तिने पुष्कळ कासवं वाचली आहेत आणि ती सांगायला कुठलाही निधी लागत नाही.

कासव फुप्फुसांनी श्वास घेतं. शांत पडून असेल तर ते तासन्‌तास पाण्याखाली राहू शकतं, पण जाळ्यात धडपडताना त्याचा साठवलेला प्राणवायू भराभर संपतो. ट्रॉल जाळं दोन-दोन, तीन-तीन तास ओढलं जातं. अशा जाळ्यातून वर आलेलं कासव कित्येकदा निपचित असतं. मान लोंबलेली, डोळे मिटलेले, हाक-धक्क्याला काहीही प्रतिसाद नाही. मेलं असं समजून लोक ते परत पाण्यात टाकायचे आणि तिथे मात्र ते खरोखर बुडून मरायचं. कारण त्यातली पुष्कळ मेलेली नसतात, फुप्फुसात पाणी जाऊन बेशुद्ध झालेली असतात. अशा कासवाला पोटावर, म्हणजे नेहमीच्या स्थितीत ठेवायचं, पाठीवर उलटं करायचं नाही. मागची बाजू वीतभर उंच राहील असं काहीतरी खाली सरकवायचं, म्हणजे पाणी नाकातोंडातून निथळतं. सावलीत ठेवायचं, पाठीवर ओलं गोणपाट टाकायचं, नाकपुड्या मोकळ्या ठेवायच्या. मधूनमधून डोळ्याच्या कोपऱ्याजवळ किंवा शेपटीला हलकेच बोट लावून पाहायचं. काही तास लागतात, कधी पूर्ण दिवस.

मी हे तक्त्यावर दाखवून सांगत होते, पण लोकांना पटलं ते एका खलाशामुळे. नेपाळच्या डोंगराळ भागातला, विशीतला मुलगा. त्यांच्या बोटीला कासव आलं ते पहाटे आणि ते मेलेलं आहे याबद्दल बोटीवर कुणालाच शंका नव्हती. याने तक्ता पाहिलेला होता. त्याने तांडेलाची परवानगी घेतली, टायरच्या तुकड्यावर कासवाचा मागचा भाग टेकवला, गोणपाट ओलं करून टाकलं आणि बाकीची कामं करता करता दर थोड्या वेळाने पाणी मारत राहिला. दुपारी बोट बंदराला लागली तेव्हा मी तिथे होते. शेपटीला बोट लावलं तर ती अगदी किंचित आक्रसत होती. तेवढ्यावरून ठरलं की उतरवायचं नाही. संध्याकाळपर्यंत कासवाने मान उचलली, एक मोठा, खरखरीत श्वास सोडला आणि जेटीवर जमलेली माणसं एकदम मागे सरली. दुसऱ्या दिवशी जाताना त्यांनी ते खोल पाण्यात सोडलं. त्यानंतर त्या बंदरावर मला हा भाग शिकवावा लागला नाही. तो मुलगाच शिकवत होता, आपल्या मोडक्या मराठीत, आणि लोक त्याच्याकडून शिकत होते.

ट्रॉलरचा प्रश्न मात्र भरपाईने सुटणारा नाही. तिथे जाळ्याची बांधणीच बदलावी लागते. ट्रॉल जाळ्याच्या पोटात, शेवटच्या पिशवीच्या आधी, तिरकी लोखंडी चौकट बसवायची. तिच्या गजांमध्ये चार इंच अंतर. कोळंबी आणि लहान मासे गजांमधून मागे जातात, कासव गजांवर आपटून वर किंवा खाली ठेवलेल्या झापेतून बाहेर पडतं. कासव सुटका साधन म्हणतात त्याला. बंदरावर सगळे टेड म्हणतात. आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्थेने इथल्या बोटींना बसेल असा टेड तयार केला आहे.

या चौकटीचा इतिहास मी बैठकीत नेहमी सांगते, कारण तो आमच्या लोकांना आपला वाटतो. हिचं मूळ रूप प्रयोगशाळेतून आलेलं नाही. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या डॅरियन गावचा सिंकी बून नावाचा कोळंबी पकडणारा माणूस जेलीफिशने वैतागला होता. जाळं जेलीफिशने भरायचं, जड व्हायचं, कोळंबीचा चेंदामेंदा व्हायचा. त्याने गज लावून त्या बाहेर घालवायची युक्ती काढली. पुढे लक्षात आलं की कासवंही त्याच वाटेने सुटतात. मच्छीमाराने आपल्या सोयीसाठी केलेली वस्तू होती ती. पण तीच जेव्हा सरकारने सक्तीची केली, तेव्हा १९८९च्या उन्हाळ्यात टेक्सास आणि लुइझियानाच्या कोळंबीवाल्यांनी बोटी आडव्या लावून बंदरं अडवली. त्याच वर्षी अमेरिकेने कायदा केला की ज्या देशाच्या बोटी कासवांसाठी अशी काळजी घेत नाहीत, त्या देशाची समुद्रातली कोळंबी आम्ही घेणार नाही. १९९६ पासून तो आपल्यालाही लागू झाला. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड हे चार देश जागतिक व्यापार संघटनेत गेले. १९९८ साली निकाल आला: कासवं वाचवण्याचा हेतू योग्य, पण कायदा ज्या पद्धतीने वेगवेगळ्या देशांना वेगवेगळा लावला गेला ती पद्धत अन्याय्य. मला हा निकाल आजही नेमका वाटतो. पुढे २०१९ साली अमेरिकेने भारताची समुद्रातून पकडलेली कोळंबी थांबवली आणि ती बंदी आमच्या बंदरांपर्यंत पोचली. तळ्यात वाढवलेल्या कोळंबीला ती लागू नाही, म्हणून निर्यातीचा मोठा भाग चालू राहिला. झळ बसली ती समुद्रात जाणाऱ्याला.

त्या वर्षांत टेडविषयी बोलणं अवघड होतं. "अमेरिकेला आमची कोळंबी नको, म्हणून आम्ही जाळ्याला दार ठेवायचं?" असं लोक चिडून विचारायचे आणि त्यांचा राग मला समजत होता. दूरच्या देशाने दाबलं म्हणून केलेलं काम अधिकारी बंदरावर असेपर्यंत टिकतं. बोट नजरेआड गेली की झापेला दोरी बांधून ती बंद करता येते, आणि ते पाहायला तिथे कुणी नसतं. काही बोटमालकांनी मात्र स्वतःहून चाचणीला होकार दिला. एकाच पाण्यात एका बोटीवर टेड, दुसरीवर नाही, आणि संध्याकाळी दोन्हींचे ढीग शेजारी शेजारी. थोडा मोठा मासा निसटतो हे त्यांनी पाहिलं, मीही पाहिलं, आणि मी ते नाकारलं नाही. त्याचबरोबर जेलीफिशच्या दिवसांत टेडवालं जाळं हलकं येतं, कोळंबी कमी चिरडते, हेही त्यांच्याच लक्षात आलं. ज्यांनी स्वतः ढीग मोजले त्यांच्याशी पुढचं बोलणं सरळ झालं.

लोक मला विचारतात की एवढ्याशा किनाऱ्यावर एवढा खटाटोप करून काय होणार, समुद्र तर सगळ्या जगाचा. त्याचं उत्तर अलीकडे कासवांनीच दिलं आहे. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं गेलं. तिचं नाव ठेवलं प्रथमा. पुढच्या वर्षी गुहागरला दोन माद्यांना यंत्रं लावली, त्यातली बागेश्री दक्षिणेला उतरत गेली, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. त्याआधी आपला पश्चिम किनारा आणि पूर्व किनारा यांची कासवं वेगळी असावीत असं पुष्कळ जण धरून चालत. मग जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यावर धातूचा बिल्ला सापडला, क्रमांक ०३२३३. तो तिला २०२१ साली ओडिशात घातलेला होता. अंदाजे साडेतीन हजार किलोमीटरचा प्रवास.

बागेश्रीच्या प्रवासाचा नकाशा मोबाइलवर घेऊन मी बंदरावर फिरले. तांडेल लोक नकाशा वाचतात ते आपल्यासारखं नाही. ते खोली, प्रवाह आणि बंदरं वाचतात. एकाने बागेश्रीच्या रेषेवर बोट ठेवून वाटेतली सगळी मासेमारी क्षेत्रं सांगितली: गोव्याच्या बोटी इथवर, कर्नाटकच्या इथे, केरळची गिलनेट इथे, तमिळनाडूचे ट्रॉलर इथे. मग म्हणाला, "एवढ्या सगळ्यांनी सोडली तेव्हा ती तिकडे गेली." आंतरराष्ट्रीय संवर्धन म्हणजे काय हे मी इतकं नेमकं कुठल्याही परिषदेत ऐकलेलं नाही. स्थलांतर करणाऱ्या प्राण्यांचा १९७९चा बॉन करार आहे, हिंदी महासागरातल्या कासवांसाठी वेगळा सामंजस्य करार आहे, २०२२ साली माँट्रियलमध्ये २०३० पर्यंत तीस टक्के जमीन आणि समुद्र राखण्याचं ठरलं, आणि खुल्या समुद्रातल्या जैवविविधतेचा करार जानेवारी २०२६ पासून अमलात आला. हे सगळे करार हवेत, आणि माझा त्यांना मनापासून पाठिंबा आहे. कुठल्याच देशाच्या हद्दीत नसलेल्या पाण्याला वाली नव्हता, आता काहीतरी चौकट मिळाली. पण प्रत्येक करार शेवटी कुणाच्या तरी जाळ्यापाशी येऊन थांबतो, आणि ते जाळं धरणाऱ्याचं नुकसान कोण भरणार हे करारात क्वचितच लिहिलेलं असतं.

काही अभ्यासू मित्र म्हणतात की पैसे देऊन चांगलं वागायला शिकवणं धोक्याचं. पैसे थांबले की वागणंही थांबेल. मी या वादात दुसऱ्या बाजूला उभी आहे. भरपाई हे बक्षीस नाही. ज्या प्राण्याला आपण सगळ्यांनी मिळून संरक्षण दिलं, त्याचा खर्च आजवर एकटा मच्छीमार सोसत होता, तो वाटून घेणं आहे. शहरात बसून कासवांवर प्रेम करणाऱ्या माणसाला त्यासाठी एक रुपयाही मोजावा लागत नाही. आणि एक गोष्ट मी पाहिली आहे: ज्यांनी एकदा भरपाई घेतली, त्यांतल्या कितीतरी जणांनी पुढे लहानसं जाळं गेलं तेव्हा अर्जच केला नाही. फोटो पाठवला, खाली लिहिलं, "नोंद करा, पैसे नकोत."

सुटलेल्या प्रश्नांपेक्षा न सुटलेले जास्त आहेत. पावसाळ्यात मेलेली कासवं किनाऱ्याला लागणं थांबलेलं नाही. टाकून दिलेली जाळी समुद्रात मासे आणि कासवं मारत राहतात, त्यांचा मालक सापडत नाही. पर्ससीन आणि बेकायदा एलईडी दिव्यांच्या मासेमारीपुढे लहान गिलनेटवाला आधीच हरत चालला आहे. त्याच्याकडून कासवाची काळजी मागताना त्याच्या माशाची काळजी कोण घेतं, हा त्याचा प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे त्याचं पुरेसं उत्तर नाही.

सध्या पावसाळी मासेमारी बंदीचे दिवस आहेत, बोटी वर ओढलेल्या, जाळी पडवीत. मच्छीमार सोसायटीच्या खोलीत आम्ही टेडची एक चौकट आणून ठेवली आहे. तांडेल येतात, गज हलवून बघतात, झापेचं कापड बदला म्हणतात, कोन थोडा कमी करा म्हणतात. त्यांनी मिळून तीन मागण्या लिहून दिल्या आहेत: भरपाई जाळ्याच्या जातीप्रमाणे आणि चालू बाजारभावाप्रमाणे ठरावी, टेडच्या चाचणीत जो मासा कमी येईल त्याची नोंद सोसायटीने ठेवावी आणि ती ग्राह्य धरावी, आणि शेजारच्या राज्यांतल्या ज्या बोटी इथे येतात त्यांच्या बंदरांतही आमचा चित्रांचा तक्ता, त्यांच्या भाषेत, लावला जावा. पहिल्या दोन मागण्या मी पुढे पाठवल्या आहेत. तिसरीसाठी कन्नड आणि गुजराती मजकूर तयार झाला आहे. छपाईचा खर्च सोसायटीनेच उचलला.